भय आणि सुरक्षितता : अस्वलांच्या प्रदेशातील शिकारकथेचा विचार

१

शिकारकथेकडे गंभीर समीक्षेचे लक्ष क्वचितच जाते. ती साहसकथेची एक शाखा मानली जाते. तरुण वाचकांचे मनोरंजन करणे व पुरुषार्थाचा गौरव करणे एवढेच तिचे प्रयोजन समजले जाते आणि तिच्या गुणदोषांची चर्चा बहुधा ‘प्रसंग थरारक आहे की नाही’ या एका प्रश्नापाशी संपते. या उपेक्षेमुळे साहित्यशास्त्रातील एका मूलगामी प्रश्नाची उत्तम उदाहरणे आपल्या हातून निसटली आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तो प्रश्न असा : भयाचा अनुभव वाङ्मयात आस्वाद्य होतो तो कोणत्या अटीवर, आणि ती अट पुरी करण्यासाठी कोणाला काय मोल द्यावे लागते ?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी अस्वलांच्या प्रदेशातील शिकारकथा हे क्षेत्र मुद्दाम निवडले आहे. वाघसिंहांच्या शिकारीभोवती राजवैभवाचे व प्रतीकांचे इतके दाट आवरण आहे की त्यातील भय बहुधा अलंकार होऊन बसते. अस्वलाचे तसे नाही. ते मागील पायांवर उभे राहते. त्याच्या पावलाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलाची आठवण करून देतो. ते मनुष्याप्रमाणेच कंदमुळे, फळे, मध आणि मांस खाते. त्यामुळे अस्वलासमोर उभ्या असलेल्या शिकाऱ्याचे भय हे सर्वस्वी परक्या शक्तीचे भय राहत नाही. त्यात ओळखीचा अंश असतो, आणि त्यामुळेच ते विचाराला अधिक वाव देते.

पुढील विवेचनात मुख्यतः चार साधनांचा आधार घेतला आहे : मेरीवेदर लुईस याची १८०५ मधील प्रवास-दैनंदिनी, थिओडोर रूझवेल्ट याचे शिकारविषयक लेखन, टॉलस्टॉयची अस्वलाच्या शिकारीवरील छोटी कथा, आणि विल्यम फॉक्नरच्या ‘गो डाऊन, मोझेस’ या १९४२ च्या ग्रंथातील ‘द बेअर’ ही दीर्घकथा. ही चारही साधने भिन्न जातीची आहेत. त्यांची तुलना गुणानुक्रम लावण्यासाठी नसून एकाच समस्येची चार उत्तरे तपासण्यासाठी आहे.

२

प्रथम शास्त्राची भूमिका पाहू. पाश्चात्त्य सौंदर्यशास्त्रात एडमंड बर्क याने १७५७ च्या आपल्या प्रबंधात उदात्ताचे मूळ भयात आहे असे प्रतिपादन केले. परंतु त्याला एक मर्यादाही घातली. संकट अगदी निकट येऊन ठेपले असता ते केवळ भीषण असते. काही अंतरावरून पाहिले असताच त्यातून एक प्रकारचा आनंद संभवतो. कांटने १७९० मध्ये हाच विचार अधिक काटेकोरपणे मांडला : निसर्गाचे प्रचंड सामर्थ्य आपणांस आकर्षित करते, पण आपण स्वतः सुरक्षित स्थानी असलो तरच. म्हणजे सुरक्षितता ही या विचारसरणीत भयाच्या आस्वादाची पूर्वअट आहे.

भारतीय साहित्यशास्त्राची वाट वेगळी आहे. भरताने भयानक रसाचा स्थायिभाव भय हा सांगितला. त्यावर विवेचन करताना अभिनवगुप्ताने घेतलेले उदाहरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे, कारण ते शिकारीचेच आहे. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे पळणारे, मागे वळून वळून पाहणारे हरिण प्रेक्षकापुढे उभे राहते. तेथे प्रेक्षकाला येणारा भयाचा प्रत्यय ‘मी भ्यालो आहे’, ‘हा भ्याला आहे’ अशा व्यक्तिसंबंधांतून मोकळा झालेला असतो. देशकालाची बंधने गळून पडतात आणि भय हे साधारणीकृत रूपाने आस्वादले जाते. बर्कचा प्रेक्षक काठावर उभा राहून आपण बुडत नाही याचे समाधान मानतो; अभिनवगुप्ताचा सहृदय काठ आणि प्रवाह हा भेदच काही काळ विसरतो. एकाच्या मते अंतर आवश्यक आहे. दुसऱ्याच्या मते अंतराचा लोप आवश्यक आहे. शिकारकथेचा विचार करताना या दोन्ही भूमिका हाताशी ठेवाव्या लागतात.

याच संदर्भात भरताच्या विवेचनातील एक दुसरी गोष्टही ध्यानात घ्यावयास हवी. भय हे स्त्रिया व नीच प्रकृतीची पात्रे यांच्या ठिकाणी स्वाभाविक होय, असे त्याने मानले आहे. उत्तम प्रकृतीचा पुरुष गुरूपुढे किंवा राजापुढे भय दाखवतो ते कृतक असते, विनयापोटी धारण केलेले असते. म्हणजे भयाची वाटणी सामाजिक श्रेणीप्रमाणे झालेली आहे. हा केवळ प्राचीन नाट्यसंकेत आहे असे समजून आपण पुढे जाऊ लागलो तर शिकारकथेतील एक प्रमुख रूढी आपल्या ध्यानात येणार नाही. तेथेही धनी निर्भय असतो आणि भिण्याचे काम हाकारे, वाटाडे व नोकर यांजकडे सोपवलेले असते.

३

लुईस आणि क्लार्क यांची तुकडी १८०५ च्या वसंतात मिसूरी नदीच्या वरच्या अंगाला पोहोचली. हा प्रदेश ग्रिझ्ली अस्वलांचा. १३ एप्रिलच्या नोंदीत लुईस लिहितो की स्थानिक लोक या अस्वलावर जाताना सहा, आठ, दहा जणांच्या गटाने जातात, आणि जाण्यापूर्वी शत्रूवर चाल करून जाताना करतात त्याप्रमाणे अंग रंगवतात व विधी करतात. लुईसच्या लेखी हे विधी म्हणजे अंधश्रद्धा होय. २९ एप्रिलला त्याने स्वतः पहिले ग्रिझ्ली मारले. तेव्हा धनुष्यबाण किंवा निकृष्ट बंदुका बाळगणाऱ्या लोकांना हा प्राणी भयंकर वाटत असेल, परंतु कुशल बंदूकधाऱ्याच्या दृष्टीने तो सांगतात तितका भयंकर नाही, असा निष्कर्ष त्याने नोंदवला. भयाची वाटणी येथे भरताच्या सूत्राप्रमाणेच झाली आहे. भय त्यांचे, कुतूहल आपले.

या आत्मविश्वासाचे पुढे काय झाले ते दैनंदिनीतच क्रमाने वाचावयास मिळते. ५ मे रोजी क्लार्क व द्रुइयार यांनी एका प्रचंड अस्वलावर गोळ्या झाडल्या. दहा गोळ्या लागल्या, त्यांतील पाच फुप्फुसांतून गेल्या, तरीही ते निम्मी नदी पोहून एका वाळूच्या बेटावर गेले आणि मरावयास त्याला किमान वीस मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी लुईस नोंदवतो की या प्राण्याविषयी आपल्या मंडळींचे कुतूहल आता बरेचसे शमले आहे. ११ मे रोजी जखमी अस्वलाने ब्रॅटन या सैनिकाचा पाठलाग केला; त्या दिवशी लुईस कबूल करतो की एका अस्वलापेक्षा दोन माणसांशी लढणे आपण पत्करू. १४ मे रोजी सहा अनुभवी शिकारी एका अस्वलावर चालून गेले. त्यांतील दोघांना अखेर हत्यारे टाकून सुमारे वीस फूट उंचीच्या दरडीवरून नदीत उडी घ्यावी लागली.

महिन्याभराने, १४ जूनला, मिसूरीच्या मोठ्या धबधब्यांजवळ लुईस एकटा होता. त्याने एक रानरेडा मारला आणि बंदूक पुन्हा भरण्याचे तो विसरला. अस्वल अवघ्या वीस पावलांवर आले तेव्हा ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली. सपाट मैदानात आडोसा नव्हता. तो धावत जाऊन कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि हातातील भाल्याचे टोक पुढे करून वळून उभा राहिला. अस्वल एकाएकी मागे फिरले व पळून गेले. का पळाले, हे त्याला उलगडले नाही. त्याच दिवशी इतरही विलक्षण प्रसंग घडल्याने हे सारे स्वप्न तर नव्हे, अशी शंका त्याला आली, आणि पायांत रुतणाऱ्या निवडुंगाच्या काट्यांनी तिचे निरसन केले.

वाङ्मयीन दृष्ट्या या नोंदींचे वैशिष्ट्य कशात आहे ? प्रथमपुरुषी भूतकाळात सांगितलेल्या प्रत्येक शिकारकथेत एक अलिखित हमी असते : सांगणारा जिवंत आहे, म्हणून तो वाचला आहे. वाचकाचे बर्क-सांगितलेले सुरक्षित अंतर या व्याकरणानेच निर्माण होते. दैनंदिनीत ही हमी फक्त आजच्या रात्रीपुरती असते. २९ एप्रिलचा लुईस १४ जूनच्या लुईसला ओळखत नाही. आपल्या पहिल्या मताची दुरुस्ती करण्यासाठी तो मागे जात नाही. त्यामुळे भयाने त्याला काय शिकवले याचा आलेख, कोणतीही कथनयुक्ती न वापरता, आपोआप उमटला आहे. स्थानिकांचा जो विधी त्याने अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारला होता, त्याचा अर्थ सहा आठवड्यांत त्याच्या स्वतःच्या आचरणात उतरला : गटाने जा, तयारीने जा, आणि हा प्राणी समबल आहे हे मान्य करून जा. मात्र हे साम्य लुईसच्या ध्यानात आल्याचे कोठेही दिसत नाही. अनुभवाने तो शहाणा झाला, पण ते शहाणपण आपल्या आधी कोणापाशी होते, याचा उल्लेख करण्याइतका नव्हे. दैनंदिनीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही येथे एकत्र दिसतात.

४

रूझवेल्टच्या लेखनात भयाचा प्रश्न जाणीवपूर्वक हाताळलेला आहे. १८८४ च्या सप्टेंबरात बिग हॉर्न पर्वतात त्याने ग्रिझ्ली मारले आणि पुढील वर्षीच्या ग्रंथात त्याचे वर्णन केले; १८९३ च्या ‘द वाइल्डरनेस हंटर’ मध्ये अस्वलाच्या स्वभावाविषयी व शिकारीच्या धोक्याविषयी सविस्तर चर्चा आहे. १९१३ च्या आत्मचरित्रात तो आणखी एक गोष्ट सांगतो. तरुणपणी आपणांस पुष्कळ गोष्टींचे भय वाटे, त्यांत ग्रिझ्ली अस्वलेही होती. परंतु भय वाटत नसल्यासारखे वागत राहिल्याने हळूहळू भय नाहीसे झाले.

ही कबुली प्रामाणिक आहे आणि तिच्यात मानसशास्त्रीय तथ्यही आहे. तथापि तिची भरताच्या विवेचनाशी तुलना केली असता एक लक्षणीय विपर्यास आढळतो. भरताच्या उत्तम पुरुषाच्या ठायी निर्भयता स्वाभाविक असून भय कृतक असते. रूझवेल्टच्या ठायी भय स्वाभाविक असून निर्भयता कृतक आहे. निर्भयता ही वेषभूषेप्रमाणे धारण करावयाची आणि धारण करता करता अंगची करून घ्यावयाची गोष्ट ठरते. परिणामी भय हे जिंकावयाचे शत्रुस्थान होते. त्याच्याकडून काही शिकावयाचे असते ही कल्पना मागे पडते. रूझवेल्टची निरीक्षणे सूक्ष्म असूनही त्याच्या शिकारप्रसंगांना एकाच सुराचा शेवट येतो, याचे कारण येथे आहे असे वाटते. भय परास्त झाले की प्रसंग संपतो.

याच संदर्भात १९०२ च्या नोव्हेंबरातील मिसिसिपीचा प्रसंग विचारात घेण्याजोगा आहे. राष्ट्राध्यक्षासाठी योजलेल्या या शिकारीचा मार्गदर्शक होल्ट कॉलियर हा गुलामगिरीत जन्मलेला, अस्वलाच्या शिकारीत अत्यंत निष्णात असा कृष्णवर्णीय मनुष्य होता. त्याने अस्वल गाठले, कुत्र्यांवर उलटलेल्या त्या जनावराला बंदुकीच्या दस्त्याने थोपवले आणि दोर टाकून झाडाला बांधले. बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास रूझवेल्टने नकार दिला. ते खिलाडू वृत्तीला सोडून होईल, असे त्याचे मत होते. अस्वल पुढे सुरीने मारण्यात आले. १६ नोव्हेंबरच्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’ मध्ये क्लिफर्ड बेरीमनचे व्यंगचित्र आले आणि त्यातूनच ‘टेडी’ या नावाचे खेळणे जगभर पसरले.

रूझवेल्टच्या नकारामागील तत्त्व उघड आहे : धोका नसेल तर शिकारीला प्रतिष्ठा नाही. म्हणजे शिकारीच्या नीतीला भयाचा काही अंश शिल्लक असावाच लागतो. संपूर्ण सुरक्षितता तिला कलंकित करते. हे तत्त्व आदरणीय असले तरी त्याने एका प्रश्नाला बगल दिली जाते. त्या दिवशी धोका नव्हता असे नाही. तो धोका कॉलियरने आधीच पत्करलेला होता. लोकस्मृतीत राष्ट्राध्यक्षाचे औदार्य राहिले, अस्वलाचे खेळणे झाले, आणि ज्याने भयाला प्रत्यक्ष तोंड दिले त्याचे नाव दीर्घकाळ कडेला पडून राहिले. भयानकाचे वत्सलात रूपांतर होण्याचे इतके संपूर्ण उदाहरण अन्यत्र सापडणे कठीण आहे. परंतु त्या रूपांतरात कोणाचा वाटा पुसला गेला हे समीक्षकाने नोंदवले पाहिजे.

५

टॉलस्टॉयची कथा याच ठिकाणी वेगळी वाट धरते. १८५८ च्या डिसेंबरात व्हिश्नी व्होलोच्योक या गावाजवळ शिकारीस गेला असता अस्वलाच्या मादीने त्याला खाली पाडून त्याच्या चेहऱ्याचा चावा घेतला होता. शिकाऱ्यांनी आपल्याभोवतीचे बर्फ तुडवून मोकळी जागा करून घ्यावी, असा सल्ला देण्यात आला होता. अस्वलाशी कुस्ती खेळावयाची नसून त्याला गोळी घालावयाची आहे, असे म्हणून त्याने तो मानला नाही, असे त्याच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. या अनुभवावरून त्याने पुढे १८७० च्या दशकात, मुलांसाठी रचलेल्या वाचनपुस्तकांकरिता एक कथा लिहिली.

या कथेची भाषा विलक्षण साधी आहे. माग कसा काढला, रात्र कशी काढली, बर्फावरून चालताना काय झाले, हे सारे कामकाजाच्या क्रमाने येते. भयाचे वर्णन करणारी विशेषणे जवळजवळ नाहीत. अस्वल अंगावर आले, गोळी चुकली, दुसरी लागूनही ते थांबले नाही, आणि निवेदकाचा चेहरा त्याच्या जबड्यात गेला. हे सर्व वस्तुस्थितीच्या कथनासारखे सांगितले जाते. त्यानंतर देम्यान हा शेतकरी शिकारी, हाती बंदूक नसताना, केवळ एक फोक घेऊन ओरडत धावत येतो आणि अस्वल पळून जाते.

फोक घेऊन धावणारा हा मनुष्य कथेचा खरा केंद्रबिंदू आहे. धन्याच्या हाती दोन नळ्यांची बंदूक होती व ती निरुपयोगी ठरली. सेवकाच्या हाती फोक होता आणि तो पुरेसा ठरला. टॉलस्टॉय यावर कोणतेही भाष्य करीत नाही. देम्यान शूर होता असे एकही वाक्य तो लिहीत नाही. रूझवेल्टच्या लेखनात निर्भयता हा साधनेने मिळवलेला गुण आहे. येथे ती क्षणाची गरज ओळखणारी सहज कृती आहे. भरताने नीच प्रकृतीकडे सोपवलेले भय येथे धन्याच्या वाट्यास येते आणि उत्तम पुरुषाचे मानलेले धैर्य शेतकऱ्याच्या ठिकाणी दिसते. भयाची जुनी वाटणी या कथेत उलटली आहे, आणि ती गाजावाजा न करता उलटली आहे.

६

फॉक्नरच्या ‘द बेअर’ मध्ये हा विचार सर्वाधिक खोल जातो. मिसिसिपीच्या अरण्यात ‘ओल्ड बेन’ नावाचे, सापळ्यात पंजा निकामी झालेले एक वृद्ध अस्वल आहे. आयझॅक मॅकॅस्लिन हा मुलगा दहाव्या वर्षापासून दरवर्षी मोठ्यांबरोबर शिकारीच्या तळावर येतो. त्याचा गुरू सॅम फादर्स हा चिकसॉ नायकाचा व गुलाम स्त्रीचा पुत्र. मुलाला अस्वल दिसत नाही. अस्वल मात्र त्याला पाहत असते. ते दिसावयाचे असेल तर बंदूक मागे ठेवावी लागेल, असे सॅम सांगतो. मुलगा बंदूक ठेवतो. तरीही दर्शन होत नाही. तेव्हा स्वतःहून तो घड्याळ व होकायंत्रही झुडपाला अडकवून पुढे जातो, रस्ता चुकतो, आणि मग अस्वल दिसते. सुरक्षिततेची साधने एकेक उतरवल्यावरच ज्ञान प्राप्त होते, असा या प्रसंगाचा आशय आहे.

याच प्रकरणात सॅमने मुलाला दिलेली एक शिकवण आहे. इंग्रजीत तिच्यासाठी दोन जवळजवळ समानार्थी शब्द योजले आहेत. अंगावर एकाएकी येणारे भय टाळता येत नाही, ते येऊ द्यावे. पण भित्रेपणाला थारा देऊ नये, असा तिचा मथितार्थ. या भेदाचे विवरण करण्यास मराठीचे व्याकरण फार उपयुक्त आहे. ‘मला भय वाटले’ या रचनेत भय कर्ता आहे व मनुष्य त्याचे आश्रयस्थान; भय येते आणि जाते, त्याची जबाबदारी मनुष्यावर नसते. ‘मी भ्यालो’ या रचनेत मनुष्य कर्ता होतो. भय ही त्याची कृती ठरते. सॅमची शिकवण या दोन प्रयोगांमधील अंतरात सामावलेली आहे. ‘दचकणे’, ‘बिचकणे’ ही क्रियापदे पहिल्या बाजूची आहेत. ‘भेदरणे’, ‘धास्तावणे’ ही दुसऱ्या बाजूकडे झुकतात. रूझवेल्टला ‘मला भय वाटले’ हे वाक्यच जीवनातून काढून टाकावयाचे होते. सॅम ते वाक्य ठेवतो आणि फक्त दुसऱ्याला मज्जाव करतो. भय न वाटणारा मनुष्य अरण्यात अधिक सुरक्षित नसतो. तो केवळ अधिक अज्ञानी असतो.

या भेदाची कसोटी पुढे एका प्रसंगात लागते. मुलाचा चिमुकला कुत्रा अस्वलावर धावून जातो. मुलगा बंदूक टाकून देतो, अस्वलाच्या पुढ्यात घुसून कुत्र्याला उचलतो. ते प्रचंड जनावर त्याच्या डोक्यावर उभे असते. गोळी झाडणे शक्य असूनही तो किंवा सॅम दोघेही झाडीत नाहीत. पुढे ओल्ड बेनचा अंतही बंदुकीने होत नाही. ‘लायन’ हा दांडगा कुत्रा त्याच्या गळ्याला झोंबतो आणि बून हॉगनबेक पाठीवर चढून सुरीने वार करतो. त्याच क्षणी सॅम, अंगावर जखम नसताना, कोसळतो.

कथेच्या चौथ्या भागात शिकारीचा संबंध वरकरणी तुटतो. एकविसाव्या वर्षी आयझॅक घराण्याच्या जुन्या नोंदवह्या वाचलेला आहे. त्यांत गुलामांची खरेदी, जन्म, मृत्यू आणि आजोबांच्या घोर पापाच्या खुणा आहेत. तो वारशाची जमीन नाकारतो. फॉक्नरने १९५५ च्या ‘बिग वुड्स’ या शिकारकथांच्या संग्रहात ही कथा घेताना हा भाग गाळला, आणि अनेक वाचकांना तो गाळलेलाच बरा वाटतो. शिकारकथा म्हणून पाहता हे मत समजण्याजोगे आहे : कथानक अखंड राहते आणि शैलीचा गुंता कमी होतो. परंतु प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने हा भाग गाळणे म्हणजे उत्तर खोडून टाकणे होय. अरण्यात मुलगा शिकला ते असे की सुरक्षिततेची साधने खाली ठेवल्यावाचून सत्य दिसत नाही. नोंदवह्यांत त्याला दिसते की आपल्या घराण्याची सुरक्षितता इतरांच्या भयावर उभारलेली आहे. बंदूक, घड्याळ व होकायंत्र झुडपाला अडकवणे आणि जमीन नाकारणे या एकाच कृतीच्या दोन पायऱ्या आहेत. चौथा भाग नसेल तर पहिली पायरी केवळ एका मुलाचे धाडस म्हणून उरते.

आयझॅकच्या त्यागाने कोणाचे भले झाले, हा आक्षेप रास्त आहे, आणि फॉक्नर त्याचे सोयीस्कर उत्तर देत नाही. अरण्य लाकूड कंपनीच्या हाती जाते. शेवटी बून एका झाडाखाली मोडलेली बंदूक ठोकत, झाडावरील खारींवर हक्क सांगत ओरडताना दिसतो. भय नाहीसे झालेल्या अरण्यात केवळ मालकीची ओरड शिल्लक राहिली आहे.

७

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. भयाला ज्ञानाचे साधन म्हणणे ही वाचनगृहातील चैन आहे. प्रत्यक्ष अस्वलांच्या प्रदेशात उभ्या असलेल्या माणसाला तत्त्वज्ञानापेक्षा उपाय हवा असतो, असे कोणी म्हणेल. आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. म्हणून आजच्या व्यावहारिक ज्ञानाशी हा विचार ताडून पाहणे इष्ट ठरेल.

अमेरिकेतील मुख्य ४८ राज्यांत ग्रिझ्लीला १९७५ मध्ये संकटग्रस्ततेच्या कायद्याखाली संरक्षण मिळाले. मोंटाना व वायोमिंग येथे अन्य जनावरांची शिकार चालू राहिली. यातून एक विचित्र परिस्थिती उद्भवते. जंगलात फिरणाऱ्याने आवाज करीत जावे, अस्वलाला आपली चाहूल लागू द्यावी, पहाटे व सांजवेळी विशेष जपावे, असा सर्वमान्य सल्ला आहे. शिकाऱ्याची कला नेमकी याच्या उलट असते. तो निःशब्द चालतो, वारे तोंडावर घेतो, पहाटे व तिन्हीसांजेला बाहेर पडतो, सांबरासारख्या ‘एल्क’ची हाक काढून त्यांना जवळ बोलावतो, आणि शेवटी ताज्या मांसापाशी वाकून बसतो. हा हंगामही शरदाचा, म्हणजे शीतनिद्रेपूर्वी अस्वल अधिकाधिक खाण्याच्या मागे असते तो. म्हणजे कौशल्य जितके उत्तम तितकी असुरक्षितता अधिक.

स्टीफन हेरेरो याने १९८५ च्या ग्रंथात अस्वलांच्या हल्ल्यांची कारणमीमांसा केली. पुढे तो व त्याचे सहकारी यांनी अलास्कातील घटनांचा अभ्यास केला. २००८ च्या निबंधात तिखटाच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलांचे अनिष्ट वर्तन सुमारे ९२ टक्के प्रसंगी थांबल्याचे दिसले. २०१२ च्या निबंधात, बंदूक बाळगणाऱ्यांनी ती झाडली किंवा न झाडली तरी इजेच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही निष्कर्ष अनुक्रमे वेगवेगळ्या घटनासमूहांवर आधारलेले असल्याने त्यांची सरळ तुलना करणे युक्त नव्हे. तरीही एवढे म्हणता येते की हातातील शस्त्र हे सुरक्षिततेचे समानार्थी पद नाही. १४ जून १८०५ च्या लुईसला आणि टॉलस्टॉयच्या देम्यानला हे वेगळे सांगावयास नको होते.

त्यामुळे आक्षेपाचे उत्तर असे : व्यवहार आणि वाङ्मय येथे परस्परविरोधी नाहीत. समूहाने जाणे, मांसापासून लवकर दूर होणे, वाऱ्याचे व खुणांचे भान ठेवणे, हे सर्व नियम भयाला शिस्त लावण्याचे नियम आहेत. भयाचा नायनाट करण्याचे नव्हेत. अंग रंगवून जाणाऱ्या मिसूरीकाठच्या लोकांचा विधी व आजची सूचनापत्रिका यांचा मूळ हेतू एकच आहे.

८

वरील चर्चेतून शिकारकथेच्या मूल्यमापनासाठी तीन कसोट्या सुचवाव्याशा वाटतात. पहिली : कथेत भय कोणाच्या वाट्यास दिले आहे ? दुसरी : भयाने निवेदकाच्या ज्ञानात काही भर पडते, की ते केवळ परास्त होण्यासाठी उभे केले जाते ? तिसरी : निवेदकाच्या, आणि म्हणून वाचकाच्या, सुरक्षिततेचे मोल कोणी दिले, व ते कथेत मान्य केले आहे काय ?

या कसोट्या आपल्याकडील लेखनासही लावता येतील. १९७२ चा वन्यजीव अधिनियम व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर भारतात शौकाची शिकार संपली. मेळघाटात किंवा चंद्रपूरच्या जंगलात मोहफुले वेचावयास पहाटे जाणाऱ्या माणसाचे अस्वलाविषयीचे भय मात्र संपलेले नाही. इंग्रजी अमदानीतील शिकारवर्णनांत हा मनुष्य हाकाऱ्यांच्या रांगेत निनावी उभा असे आणि त्याचे भय विनोदाचा विषय होई. मराठीत अरण्यविषयक लेखनाची परंपरा समृद्ध आहे. तिचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने या निनावी माणसाचा शोध घ्यावा, असे सुचवावेसे वाटते.

साहित्यशास्त्राच्या दृष्टीने निष्कर्ष एवढाच की बर्कचे अंतर आणि अभिनवगुप्ताचे साधारणीकरण यांतील निवड शिकारकथेत केवळ सौंदर्याची राहत नाही, ती नीतीचीही होते. अंतर राखून वाचणाऱ्याला देम्यानचा फोक हा चमत्कार वाटेल. भयात सहभागी होऊन वाचणाऱ्याला मात्र दुष्यंताच्या बाणापुढे पळणाऱ्या हरिणाचेही भय आपलेच वाटते, आणि मग बाण कोणाच्या हाती आहे हा प्रश्न तो विचारल्यावाचून राहत नाही.